एका गावाची दोन नावे

जगाचा इतिहास वाचावयास घेतला म्हणजे आपली दृष्टी रोम, पॅरिस, लंडन या नगरांकडे जाते. परंतु इतिहास लिहिला कसा जातो हे समजून घ्यावयाचे असेल, तर आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे गाव पुरेसे आहे, असे आम्हांस वाटते.

सन १७२४ मध्ये येथे निजामुल्मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान रणात पडला. विजयी निजामाने गावास ‘फत्तेखेर्डा’ हे नाव दिले. हैदराबादचे इतिहासकार येथून असफजाही राज्याचा प्रारंभ धरतात. ते राज्य १९४८ पर्यंत टिकले. दिल्लीकडून पाहणाऱ्यास त्याच घटनेत मोगल साम्राज्याची फाटाफूट दिसते. मराठी ग्रंथकार बाजीराव पेशव्यांनी निजामास केलेल्या साह्याकडे लक्ष वेधतात. लढाई एकच, परंतु सांगणारा बदलला की तिचा अर्थ बदलतो.

युरोपातही हेच घडले. आपल्या शेजारच्या असईस १८०३ मध्ये लढलेल्या वेलस्लीने पुढे १८१५ मध्ये नेपोलियनचा पराभव केला. त्या रणास इंग्रजांनी ‘वॉटर्लू’ म्हटले. त्यांच्या मित्र प्रशियनांना ‘ला बेल आलियान्स’ हे नाव प्रिय होते. नाव ठेवणे हाही विजयाचाच एक भाग असतो.

मात्र साखरखेर्ड्याच्या लोकांनी आपले जुने नाव सोडले नाही. आज गाव त्याच नावाने ओळखले जाते. ज्यांच्या शेतांतून फौजा गेल्या, त्यांची बखर कोणी लिहिली नाही. त्यांच्या मुखातील हे नाव तेवढे उरले.

हा दोष केवळ राजेरजवाड्यांचा नव्हे. आपल्या ज्ञातीच्या वंशावळी उघडून पाहाव्यात. पुत्रपौत्रांच्या ओळी लांबच लांब; कन्यांची आणि सुनांची नावे मात्र क्वचित. ज्या सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा आहे, त्याच तालुक्याच्या गावी जिजाबाईंचा जन्म झाला, याचा अभिमान आपण सांगतो. आणि स्वतःच्या पणजीचे नाव आपणांस ठाऊक नसते!

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे की, घरातील जुनी खरेदीखते, वह्या, पत्रे जपावीत. वृद्धांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आठवणी लिहून घ्याव्यात. पराक्रमाबरोबर कर्ज, दुष्काळ आणि भाऊबंदकीही नोंदवावी. कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले आणि कोणास वगळले, हे तीन प्रश्न जो स्वतःच्या घरी विचारील, त्यासच जगाचा इतिहास नीट वाचता येईल.