मिठीच्या आधीचे प्रहर

प्रतापगड म्हटलं की डोळ्यांसमोर शिवाजी महाराज आणि अफजलखानाची मिठी येते, वाघनखं येतात. ‘शेर शिवराज’ (2022) पर्यंतच्या चित्रपटांनी तोच क्षण मनावर ठसवला. पण विजापूरचा सरदार अफजलखान मिठीत हरला असं मला वाटत नाही. भेटीच्या शामियान्याच्या दारात पोचेपर्यंत एकेक गोष्ट तो स्वतःहून सोडत आला होता.

आधीचे दिवस, वाई. खान पूर्वी वाईचा सुभेदार होता. इथल्या दऱ्याखोऱ्या त्याला नव्या नव्हत्या. हत्ती, तोफा, घोडदळ घेऊन आलेल्या त्याच्या फौजेला मोकळं रान हवं होतं आणि ते वाईत होतं. मग प्रतापगडावरून निरोप आला: राजे भ्यालेत, खानसाहेबांनीच गडाखालच्या जावळीच्या खोऱ्यात यावं. खानाला हे खरं वाटलं, कारण त्याला हेच ऐकायचं होतं. त्याचा वकील कृष्णाजी भास्कर राजांना भेटून परतला, पण झाडीत काय दडलंय याची बातमी खानाला लागली नाही.

उलट बाजूचं काम पाहा. लोकांच्या तोंडी या मोहिमेत राजांचे हेर बहिर्जी नाईकांचं नाव असतं. सभासद बखर मात्र श्रेय देते राजांचे वकील पंताजी गोपीनाथांना. पंताजी खानाच्या छावणीत गेले, मुत्सद्द्यांना पैसा चारला आणि खानाच्या मनात दगा आहे हे काढून आणलं. एका वकिलाने शत्रूच्या तळात बसून केलेली ही हेरगिरी मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोठी कामगिरी वाटते.

10 नोव्हेंबर 1659, गुरुवार, सकाळ. खानाची छावणी आता जावळीत, कोयनेकाठी, पार गावाजवळ. रडतोंडीच्या घाटाने खाली उतरलेली फौज चहूबाजूंनी डोंगरांत अडकलेली. भोवतालच्या रानात मावळे दबा धरून बसलेले.

दुपार. खान निघाला तो हजारावर बंदूकवाले बरोबर घेऊन. पंताजींनी वाटेतच अडवलं: एवढा जमाव पाहिला तर राजे गडावर परत जातील. खानाने जमाव बाणाच्या टप्प्यावर थांबवला आणि पालखी पुढे काढली.

भेटीच्या काही क्षण आधी. शामियान्यात खानाजवळ सय्यद बंडा उभा, नावाजलेला पट्टेकरी. राजांनी निरोप धाडला, त्याला दूर करा. खानाने त्यालाही मागे सरकवलं. माझ्या मते खानाचा निकाल इथेच लागला.

भेट. खानाने राजांची मान काखेत दाबून कुशीत कट्यार चालवली. ती अंगरख्याखालच्या चिलखतावर खरखरली. राजांनी वाघनखांनी आणि बिचव्याने त्याचं पोट फाडलं. कृष्णाजी भास्कर चालून आला आणि पडला. सय्यद बंडाचा वार राजांच्या जिवा महालाने अडवला आणि त्याला तिथेच कापलं. भोयांनी जखमी खानाला पालखीत घातलं. राजांच्याच संभाजी कावजीने भोयांचे पाय तोडून पालखी खाली पाडली आणि खानाचं शिर कापलं.

त्यानंतर. गडावरून तोफ झाली. रानातून मावळे छावणीवर तुटून पडले. खानाचा मुलगा फाजलखान, खानाला मिळालेल्या खंडोजी खोपड्याच्या मदतीने, निसटला. सभासद लुटीचा हिशोब देतो: हत्ती 65, घोडे 4,000, उंट 1,200.

28 नोव्हेंबर. अठराव्या दिवशी पन्हाळा स्वराज्यात आला. नव्या वर्षाच्या सुरुवातीला महाराजांचा वेढा मिरजेला पडला होता, म्हणजे वाईपर्यंत चालून आलेली विजापूरची लढाई आता आजच्या सांगली जिल्ह्यात, त्यांच्याच मुलखात, शिरली होती.

गडावर गाडीने जाणाऱ्यांना एकच विनंती. एकदा पार गावात उतरा, रामवरदायिनीचं दर्शन घ्या आणि नदीकाठी उभं राहून वर बघा. कुठल्याही दिशेला फौज पळवून न्यायला जागा दिसते का, तेवढं तपासा.