फटफटीच्या घरची नवी सून

आमच्या वडिलांनी मोटरसायकलला उभ्या आयुष्यात ‘मोटरसायकल’ म्हटलं नाही. ती फटफटीच! जी वस्तू आवाजावरून ओळखायची, तिचं नावही आवाजावरूनच पडणार.

म्हणूनच, हार्ले-डेव्हिडसन या अमेरिकन कंपनीनं १९९४ साली आपल्या इंजिनाचा आवाजच ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्ज केला होता, हे वाचून मला मुळीच नवल वाटलं नाही. इतर कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि २००० साली अर्ज मागे घेतला गेला. आवाजावरून भांडण! म्हणजे थेट आमची चाळच की हो!

खरी गंमत पुढेच आहे. ज्या आवाजासाठी एवढा आटापिटा केला, तोच बाजूला ठेवून कंपनीनं २००१ साली ‘व्ही-रॉड’ काढली. क्रूझर म्हणजे खरं तर चाकं लावलेली आरामखुर्ची. पाय पुढे टाकून निवांत जावं. या खुर्चीला शर्यतीच्या गाडीच्या घराण्यातलं इंजिन बसवलं! जुन्या इंजिनाचे दोन सिलिंडर ४५ अंशांत, ते वाऱ्यावर थंड व्हायचे. नवे ६० अंशांत आणि थंडाव्याला रेडिएटर. मदतीला जर्मनीची पोर्शे. ११३० सीसी, ११५ अश्वशक्ती. पेट्रोलची टाकी चक्क सीटखाली. पुढे टाकी म्हणून दिसतं ते नुसतं झाकण.

जुने भक्त म्हणाले, “गाडी झकास आहे हो, पण ही हार्ले नव्हे!”

हे वाक्य मी घरी ऐकलेलं आहे. आईनं पहिला मिक्सर आणला, तेव्हा चटणी बोटानं चाखून आजी म्हणाली होती, “छान आहे. पण ही चटणी नव्हे.”

२०१७ साली व्ही-रॉड बंद झाली. आणि २०२१ मध्ये त्याच कंपनीनं ‘स्पोर्टस्टर एस’ काढली. नाव १९५७ पासूनचं, घरंदाज. पोटात मात्र इंजिन ६० अंशांचं, रेडिएटरवालं! सून गेल्यावर सासरला तिची रीत पटली.

दात गेल्यावर आजीही म्हणायची, “चटणी मिक्सरातली आण गं, बारीक होते.”

तोवर तो पहिला मिक्सर भंगारवाल्याकडे गेला होता.