पहिला सोबती : अद्भुतकथेतील प्राणिसहचराच्या निवडीचा प्रश्न

अद्भुतकथेतील बालनायक घराचा उंबरठा ओलांडतो तेव्हा त्याच्याबरोबर कोण जाते, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. व्लादिमीर प्रॉपने १९२८ मध्ये रशियन परीकथांची रूपमीमांसा करताना ‘साहाय्यक’ ही एक स्वतंत्र भूमिका मानली. नायकाची कसोटी घेतली जाते आणि तो तिला उतरला की साहाय्यक त्याला प्राप्त होतो. कार्याच्या दृष्टीने हे विवेचन पुरेसे आहे. मात्र कोण कोणाला निवडतो आणि कशाच्या आधारावर, हे त्यातून कळत नाही. कथेतील माणूस आणि प्राणी यांच्या नात्याचे स्वरूप तर याच उत्तरावर ठरते. प्रस्तुत लेखात या निवडीचा मागोवा घ्यावयाचा आहे.

हा प्रश्न अलीकडच्या काळात सर्वांत उघडपणे मांडला तो एका जपानी खेळाने. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘पोकेमॉन’चे पहिले दोन खेळ जपानमध्ये विक्रीस आले. त्यांत प्रवासाला निघणाऱ्या मुलापुढे एक प्राध्यापक तीन जीव ठेवतो : वनस्पतीच्या जातीचा बल्बासॉर, अग्नीच्या जातीचा चार्मँडर आणि पाण्याच्या जातीचा स्क्वर्टल. अग्नी वनस्पतीला भारी, वनस्पती पाण्याला, पाणी अग्नीला. त्यामुळे सर्वश्रेष्ठ असा कोणीच नाही. नायकाने निवड केल्यावर त्याचा प्रतिस्पर्धी नेमका त्या निवडीला भारी पडणारा जीव उचलतो. पुढे वाटेत पहिली झुंज खडकाच्या जातीच्या जिवांशी आणि दुसरी पाण्याच्या जातीच्या जिवांशी असते. म्हणून नवशिक्याला बल्बासॉर सोयीचा ठरतो. डोळ्यांत भरणारा चार्मँडर घेणाऱ्याची सुरुवात खडतर होते. याचा अर्थ असा की सोबत्याची योग्यता त्याच्या अंगच्या बळापेक्षा पुढच्या वाटेवरून ठरते. खेळाच्या नियमांत गोवलेला हा विचार साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटू नये. आपल्या परंपरेत या निवडीची निदान तीन तत्त्वे आढळतात.

पहिले तत्त्व लक्षणाचे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथाचा निर्देश मराठीच्या इतिहासात त्यातील जुन्या मराठी अवशेषांमुळे वारंवार होतो. त्याच ग्रंथात हत्ती, घोडे, शिकारी कुत्रे, ससाणे, झुंजीचे कोंबडे यांचाही सविस्तर विचार आहे. येथे प्राणी पारखायचा असतो. त्याचा बांधा, वर्ण, चाल आणि स्वभाव यांवरून त्याची जात ठरते. निवडणारा जाणकार आणि निवडला जाणारा मुका, असे हे दरबारी नाते आहे. खेळाच्या पडद्यावर प्रत्येक जिवापुढे त्याचे बळ, वेग आणि जात यांचे आकडे दिसतात, तेव्हा ही लक्षणविद्याच नव्या वेषात आलेली असते.

दुसरे तत्त्व मैत्रीचे. ‘पंचतंत्र’ हा मुळात तीन अडाणी राजपुत्रांसाठी विष्णुशर्म्याने सांगितलेला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे आणि त्याचे दुसरे तंत्र मित्रसंप्राप्तीचे आहे. हिरण्यक नावाचा उंदीर कबुतरांचे जाळे कुरतडतो, हे पाहून लघुपतनक कावळा त्याच्याकडे मैत्री मागतो. उंदीर बिळातूनच नकार देतो : तू खाणारा आणि मी तुझे खाद्य, मग मैत्री कशी? कावळ्याला त्याच्या दारात उपाशी मरण्याची भाषा करावी लागते, तेव्हा कुठे संवाद सुरू होतो. पुढे कासव आणि हरिण येऊन मिळतात. पारध्याने कासव पकडल्यावर हरिण मेल्याचे सोंग घेते, कावळा त्याच्या अंगावर बसून चोच मारल्याचा देखावा करतो आणि उंदीर दोर कुरतडतो. उडणारा, कुरतडणारा, पाण्यात राहणारा आणि धावणारा असे हे चार दुर्बळ जीव एकमेकांची उणीव भरून काढतात. येथे निवड दोन्ही बाजूंनी होते. मुख्य म्हणजे निवडल्या जाणाऱ्याला नकाराचा अधिकार आहे.

तिसरे तत्त्व उपकाराचे. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘कृतज्ञ प्राणी’ हा ५५४ क्रमांकाचा कथाप्रकार आहे. आपल्याकडच्या राजपुत्रांच्या कथांतही तो सहज ओळखू येतो. धाकटा राजपुत्र वाटेत मुंग्यांचे वारूळ वाचवतो, तडफडणारा मासा पाण्यात सोडतो. त्या वेळी पुढच्या संकटाची त्याला कल्पनाही नसते. नंतर मिसळलेले धान्य निवडायला मुंग्या धावून येतात. येथे निवड अशी नसतेच; असते ती दया, आणि सोबत हे तिचे अनपेक्षित फळ असते. थोरल्या भावांजवळ घोडे असतात, धाकट्याजवळ मुंग्या असतात. आणि जिंकतो तो धाकटा.

मुद्रणाच्या युगात या तिन्ही तत्त्वांचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. मराठी बालवाङ्मयाच्या आरंभी, १८२८ मध्ये, सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तके आली. इसापाच्या कथेत प्राणी आहेत, पण बहुतांशी ते एखाद्या गुणाचे किंवा दोषाचे वाहक म्हणून. तात्पर्य निघाले की त्यांचे काम संपते. शाळेसाठी सिद्ध झालेल्या या गद्यात बोलणारा प्राणी टिकला, बरोबर चालणारा प्राणी मागे राहिला. विसाव्या शतकात तर अंतर अधिक वाढले. विंदा करंदीकरांच्या पहिल्या बालकवितासंग्रहाचे नाव ‘राणीची बाग’ (१९६१) आहे : शहरी मुलाची आणि प्राण्याची भेट आता प्राणिसंग्रहालयात होणार, हे त्या शीर्षकानेच मान्य केले. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा खरा सोबती त्याची सायकल. जी. ए. कुलकर्णींच्या ‘बखर बिम्मची’मध्ये लहानग्याशी प्राणी-पक्षी बोलतात, पण त्याला त्यांच्यासह कुठली मोहीम जिंकायची नसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) वानरांना त्यांचे स्वतःचे, माणसाच्या उपयोगापलीकडचे जग परत मिळाले. ही मोठी वाङ्मयीन उपलब्धी होय. मात्र त्या जगात मुलाला प्रवेश नाही. एकंदरीत मराठी बालनायक पहिल्या सोबत्यावाचून राहिला आणि ही उणीव आपल्या समीक्षेच्या ध्यानी फारशी आली नाही.

ती भरून निघाली बाहेरून. ‘पोकेमॉन’ची चित्रमालिका २००३ मध्ये भारतीय दूरचित्रवाणीवर हिंदीतून आली. पनवेलच्या वर्गांत मराठी शिकायला आलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांना हिरण्यक आठवत नाही, पिकाचू मात्र आठवतो. याबद्दल हळहळण्यापेक्षा ती मालिका नीट वाचणे अधिक फलदायी ठरेल. खेळात लक्षणावरून होणारी निवड मालिकेने पहिल्याच भागात मोडीत काढली आहे. नायक उशिरा उठतो, तिन्ही जीव आधीच दिले गेलेले असतात, आणि त्याच्या वाट्याला येतो तो कोणाचे न ऐकणारा पिकाचू. रागावलेल्या पाखरांचा थवा चालून येतो तेव्हा मुलगा आपल्या अंगाची आड करतो आणि तेथून सोबत सुरू होते. म्हणजे कथा सांगायची वेळ येताच लक्षणाला बाजूला सरावे लागले आणि उपकाराचे जुने तत्त्व परत आले. मैत्रीतील नकाराचा अधिकारही पिकाचूने बजावलेला आहे.

या खेळाच्या उगमाचा एक धागा आपल्याला अधिक जवळचा आहे. त्याचा कर्ता सातोशी ताजिरी (जन्म १९६५) टोकियोजवळच्या माचिदा या उपनगरात किडे गोळा करीत वाढला. शहर पसरत गेले, तळी आणि शेते बुजली आणि किडेही गेले. पुढच्या मुलांना तो आनंद मिळावा, ही या खेळामागची प्रेरणा असल्याचे त्याने सांगितले आहे. पनवेलचा इतिहास याच वळणावर येऊन ठेपला आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, त्यानंतर भातखाचरे आणि खाजणे क्रमाक्रमाने वसाहतींखाली गेली. विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. ताजिरीने हरवलेल्या किड्यांच्या जागी कल्पित जीव उभे केले. येथील मूल आपल्या हरवत्या खाचरांच्या काठी बसून दुसऱ्याच्या हरवलेल्या तळ्याची आठवण खेळत आहे.

मराठीत उद्या अद्भुतकथा लिहिणाऱ्याने पहिला सोबती म्हणून वाघ किंवा पंखांचा घोडा आणला, तर तो केवळ लक्षणाचा मार्ग ठरेल. सर्वसमर्थ सोबती मिळाला की नायकाला करण्यासारखे काही उरत नाही. पनवेल परिसरातील कोतवाल पक्षी या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. तारेवर बसणारा, गुरांच्या पाठीवरून किडे टिपणारा हा काळा, दुभंगल्या शेपटीचा पक्षी आकाराने लहान; पण घरट्याजवळ आलेल्या कावळ्या-घारींवर तो बेधडक तुटून पडतो आणि त्याच्या आश्रयाला इतर पाखरे घरटी बांधतात. १९६८ मध्ये अभयारण्य झालेल्या कर्नाळ्याच्या रानात त्याचा भाऊबंद भृंगराज राहतो, तो इतर पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो. एक रक्षक, दुसरा बहुभाषी. आणि दोघेही माणसाने पाळलेले नाहीत. त्यांची सोबत हवी असेल तर नायकाला त्यांच्या झाडापाशी थांबावे लागेल, कदाचित ते झाड वाचवावे लागेल.

पहिल्या सोबत्याच्या योग्यतेचा निकष येथे स्पष्ट होतो. ज्याला नाही म्हणता येते, ज्याची उणीव नायकाला भरून काढावी लागते आणि ज्याच्यासाठी आधी काही करावे लागते, तो योग्य. हिरण्यकाने बिळातून विचारलेला प्रश्न या निकषाचे सर्वांत जुने रूप आहे. आजच्या बालनायकाला तो पुन्हा ऐकू यायचा असेल, तर उंदराचे बीळ आणि कोतवालाचे झाड हे दोन्ही कथेच्या भूगोलात शिल्लक असावे लागतील.