काळं कुंकू आणि पांढरी चादर



गणपतीत रेडिओवर गावातल्या आज्या-पणज्यांच्या आठवणी सांगायच्या म्हणून आमच्या गटाने घरोघरचे जुने फोटो गोळा केले. कुणाच्या ट्रंकेतून, कुणाच्या ओटीवरच्या भिंतीवरून. सगळ्यांत जुने फोटो शेजारी शेजारी मांडले तेव्हा लक्षात आलं की त्यांत कुंकू काळं आहे. खळ्यात काढलेल्या फोटोतले चेहरे कोळशासारखे आणि स्टुडिओतून आलेले पिठासारखे. एकच आजी दोन फोटोंत दोन रंगांची, आणि आम्हाला आठवते ती गव्हाळ आजी एकातही नाही.

याचं कारण आपल्या कातडीत नव्हे, त्या वेळच्या काचेत आहे. फिल्म येण्याआधी फोटो काचेवर घेत. तिच्यावरच्या रसायनाला निळा रंग चटकन दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. म्हणून कुंकू काळं आणि आकाश पांढरं. आपल्या कातडीत तांबूस-पिवळा रंग जास्त, तेव्हा तीही असायची त्याहून काळी उतरे. ही विद्या युरोपातून आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. आपल्या माणसांच्या हातात कॅमेरा आला खरा, पण काच तीच.

मग आली शिसपेन्सिल. काचेवर चित्र उलटं असतं, काळ्याचं पांढरं. चेहऱ्याच्या जागी बारीक टोकाच्या पेन्सिलीने हलके ठिपके दिले की कागदावर तेवढा भाग उजळ उठतो. चांगला कारागीर डोळ्यांखालची काळी सावली फक्त सौम्य करी, सुरकुतीला हात लावत नसे. पण गिऱ्हाइकाला गोरेपणा हवा असे, विशेषतः लग्नाच्या फोटोत. आमच्या एका मैत्रिणीच्या आईचा फोटो स्टुडिओवाल्याने असा पुसून दिला की मुलगी पाहायला आलेली मंडळी म्हणाली, "फोटोतली मुलगी कुठाय?" लग्न झालं, संसार झाला. पण तो फोटो तिने कधी भिंतीवर लावू दिला नाही. आम्हाला दाखवतानाही पदराखालून काढला.

पुढे रंगीत फिल्म आली तरी हीच गत. कोडॅक कंपनी रंग जुळवायला गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड लॅबना देई. त्या कार्डाला 'शर्ली' म्हणत. सावळे रंग नीट उतरावेत म्हणून फिल्म सुधारली, ती बरीचशी चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांनी तक्रारी केल्या म्हणून! माणसांच्या चेहऱ्यांआधी कपाटाचा नंबर लागला.

चेहरा पुसण्याऐवजी त्यावर उजेड टाकावा, ही युक्तीही जुनीच. दादासाहेब फाळके आधी फोटोग्राफर होते. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात लागला. त्याचं चित्रण दादरला उन्हाच्याच उजेडात झालं. पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत, रात्री फिल्मला भोकं पाडत, ती धुवायला मदत करत. आणि चित्रण चालू असताना नटांच्या तोंडावर उजेड परतावा म्हणून पांढरी चादर धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत, असं सांगतात. पडद्यावर चेहरे दिसले, चादर धरणारी दिसली नाही.

ती चादर आपल्याही घरात आहे. गणपतीत चाकरमानी आले की सगळं घर भर दुपारी खळ्यात उभं करतात. डोळ्यांच्या खोबणीत अंधार आणि सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. त्यापेक्षा पडवीच्या कडेला, सावलीत, तोंडं उघड्या आभाळाकडे करून बसवा. भाद्रपदातलं ढगाळ आभाळ तर सगळ्यांत उत्तम, उजेड चारी बाजूंनी मऊ येतो. आंब्या-फणसाखाली नको: पानांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि चेहऱ्याला हिरवी झाक येते. जांभ्याची लाल जमीन हनुवटीखाली तांबडी झाक मारते, तिथे पायांपुढे पांढरं धोतर किंवा चादर अंथरा. मोबाईलवर बोट ठेवायचं ते सगळ्यांत सावळ्या चेहऱ्यावर, पांढऱ्या सदऱ्यावर नाही. आणि 'ब्यूटी' लिहिलेलं बटण आधी बंद करा. ती पेन्सिलच आहे, फक्त विचारल्याशिवाय चालते.

आम्ही हे परवा करून पाहिलं. ज्यांचा लग्नातला फोटो पुसला होता त्या आईंना, आता वय ऐंशीच्या पुढे, पडवीत बसवलं. दोघींनी चादर धरली. फोटो बघून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्यो लाव भिंतीर."