कादंबरी लिहायचीय? ही फुकटची ऑनलाइन साधने कामाची

उचगाव : मराठी साहित्य संमेलन भरवणारे हे गाव. हद्द ओलांडली की चंदगड तालुक्यात ‘स्वामी’कार रणजित देसाईंचे कोवाड. या पट्ट्यात कादंबरीचा विचार मनात घोळवणारे पुष्कळ. अडते ते लिहायला बसण्यावर.

आधी आराखडा. ‘गुगल शीट्स’मध्ये एका रकान्यात साल, पुढे पात्रांची वये. ऐतिहासिक विषयात याचा फार उपयोग. माधवराव १७६१ मध्ये पेशवे झाले, १७७२ मध्ये गेले. अकरा वर्षांत काय काय बसवायचे, हे एका नजरेत दिसते.

लिखाण ‘गुगल डॉक्स’मध्ये करावे. खोडलेले प्रकरण जुन्या आवृत्तीतून परत मिळते. संगणकावर क्रोममध्ये मराठीतून बोलूनही लिहिता येते, मात्र विरामचिन्हे हातानेच घालावी लागतात. टायपिंग युनिकोडमध्येच हवे. श्रीलिपीतला जुना मजकूर तसाच चिकटवला तर नुसती गिचमिड होते, तो आधी बदलून घ्यावा.

शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शोधता येतो.

खरी गोम बोलीची. ‘काय करायलाईस?’ लिहिले की मोबाईल लगेच ‘करतोस’कडे ओढायला बघतो. ऐकू नये! जीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात आपले शब्द भरावेत. सीमाभागातली पात्रे पुण्यात बोलल्यासारखी बोलायला लागली, तर कादंबरी उचगावची कशी म्हणायची?