घर हललें, काम राहिलें

१८९६ सालच्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेगाची सांथ असल्याचें डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ओळखलें. पुढील कांहीं महिन्यांत लक्षावधि लोक शहर सोडून पळाले. परंतु सांथ ओसरतांच बहुतेक परतले. गिरणी, गोदी आणि पेढी जागच्या हलल्या नव्हत्या. शहराबाहेर राहून शहरांत कमवावें, ही तोड निघावयास आणखी एक पिढी लागली.

१८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती चिरून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढावे, आणि उत्तरेस दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहती वसवाव्या, असा त्याचा बेत होता. हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी हीं त्याच बेताचीं फळें होत. चाळींतील सामाईक नळ व शौचकूप यांना कंटाळलेल्या मध्यमवर्गास तेथें स्वतंत्र बिऱ्हाड मिळालें. ज्यांच्या चाळी पाडल्या गेल्या त्या मजुरांना मात्र तें भाडें परवडणारें नव्हतें. त्यांतील अनेकांनीं शेजारच्याच कोंदट वस्तींत दाटीनें आसरा घेतला.

ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ सालींच गेली होती. तथापि १९२५ सालीं कुर्ल्यापर्यंत व १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या, तेव्हां साष्टीच्या खेड्यांचीं उपनगरें होऊं लागलीं. १९५७ सालीं महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडास भिडली.

ह्या स्थलांतराचा परिणाम शिरगणतींत स्पष्ट दिसतो. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या शहराची वस्ती १९८१ सालीं सुमारें ३२.८५ लक्ष होती. २०११ सालीं ती ३०.८५ लक्षांवर आली. त्याच अवधींत उपनगरांची वस्ती सुमारें ४९.६ लक्षांवरून ९३.६ लक्षांवर गेली. गिरगांवची मुलें दूर उपनगरांत संसार मांडूं लागलीं. आणि जुन्या चाळींतील सण, शेजार व शाळा यांचीं माणसें विरळ झालीं.

घरांबरोबर कामही हलावें म्हणून १९७० सालीं सिडको स्थापन झाली, आणि खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहूं लागली. घाऊक बाजारही क्रमाक्रमानें तेथें नेण्यांत आले. परंतु जुन्या शहरांतील कचेऱ्यांची ओढ सर्वस्वीं सुटली नाहीं. मोकळ्या हवेचें मोल उपनगरवासी आजही रोज गाडींतील गर्दींत, आणि घरच्या माणसांपासून दूर गेलेल्या तासांत, चुकवीत आहे.