शब्दांचा बाप्तिस्मा

माहुलच्या कोळीवाड्यापाशी उभे राहिले की एका बाजूस १९५० च्या दशकात उभारलेले तेलशुद्धीकरणाचे कारखाने दिसतात आणि दुसऱ्या बाजूस ओहोटीला उघडा पडणारा चिखल. येथून होडी ट्रॉम्बेला वळसा घालून उत्तरेकडे निघाली की ठाण्याची खाडी लागते. ठाण्यापाशी अरुंद पाणवाटेने उल्हास नदी गाठली तर एका दिशेस कल्याण आणि दुसऱ्या दिशेस वसई. उत्तर कोकणातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास सांगावयाचा तर तो या पाण्यावरूनच सांगावा लागतो. हा धर्म येथे एकदाच आला नाही. निरनिराळ्या लोकांबरोबर, निरनिराळ्या भाषा बोलत, पुन्हा पुन्हा आला. तो येथील केव्हा झाला, हा आमच्यासारख्या साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या कुतूहलाचा प्रश्न आहे.

सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मास हा ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक असल्याचे व त्यांचा बिशप इराणातून नेमला जात असल्याचे लिहितो. हे ठिकाण म्हणजे कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे १३२१ मध्ये ठाण्यास चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन चीनपर्यंत गेलेल्या ओदोरिकने ठाण्यात नेस्तोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे असल्याची नोंद केली आहे. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी या खाडीकाठी येशूचे नाव घेतले जात होते. परंतु त्या पंधरा घरांचे एकही मराठी वाक्य आज आपल्या हाती नाही. त्यांची उपासना सिरियाक भाषेत होई. ते व्यापाराबरोबर आले आणि व्यापाराबरोबरच पुसले गेले. धर्म एखाद्या मुलुखात राहिला, एवढ्याने तो त्या मुलुखाचा होत नाही. तेथील भाषेत त्याला शब्द सापडावे लागतात. आणि शब्द सापडले की ते आपला पूर्वेतिहासही बरोबर घेऊन येतात.

हा शब्दांचा शोध पोर्तुगीज काळात सुरू झाला. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या अमलाखालची बेटे पोर्तुगिजांकडे गेली. अंधेरीस आज जेथे सीप्झची औद्योगिक वसाहत आहे, तेथे संत योहान बाप्तिस्ता यांचे देऊळ जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधले. १८४० च्या साथीनंतर वस्ती मरोळला हलली आणि देऊळ ओस पडले. त्याचे भग्न अवशेष कारखान्यांच्या मध्ये अजून उभे आहेत. योगायोग असा की त्याच १५७९ साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला. त्याच्या हातून जे देऊळ बांधले गेले ते दगडाचे नव्हते, ओव्यांचे होते.

‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, रोमन लिपी, मराठी भाषा, आणि सामान्यांस कळावे म्हणून पेरलेले कोकणी शब्द. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा, दुसऱ्या भागात ख्रिस्ताची. मराठीच्या थोरवीचा त्यातील भाग आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो, वाचून सुखावतो, आणि बहुधा तेथेच थांबतो. तसे थांबणे आम्हांस आता योग्य वाटत नाही. हे पुराण ज्या साष्टीत रचले गेले, त्या साष्टीतील मंदिरे १५६७ मध्ये पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले आणि त्याची जबर किंमत त्या गावांना मोजावी लागली. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासूनच बसले होते. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रीस विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही आम्हांस का देत नाही? साऱ्या ग्रंथाचे मूळ या प्रश्नात आहे. ज्यांच्याकडून काहीतरी काढून घेतले होते, त्यांची ही मागणी होती. क्रिस्तपुराणाचे सौंदर्य आणि त्यामागचा बलात्कार या दोहोंपैकी एकच पाहणारा वाचक अर्धाच ग्रंथ वाचतो.

परंतु मागणी पुरी करताना स्टीफन्सला जो मार्ग घ्यावा लागला, तो विचार करण्याजोगा आहे. रिकामी झालेली जागा पुराणाची होती, म्हणून तेथे पुराणच बसू शकत होते. ओवीही वारकऱ्यांची आणि महानुभावांची. स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. हा शब्द उच्चारताच मराठी कानाला विष्णू ऐकू येतो. चार-पाचशे वर्षांची भक्ती एका शब्दासरशी ख्रिस्तकथेत शिरते. लेखकाने शब्दाला बाप्तिस्मा दिला खरा, पण बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचे जुने नातेवाईक जसे एका दिवसात नाहीसे होत नाहीत, तसेच शब्दांचेही असते.

हा पेच एकट्या स्टीफन्सचा नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी, १५७८ मध्ये, गोव्यास उतरलेला मात्तेओ रिची पुढे चीनला गेला आणि देवासाठी चिनी शब्द शोधताना कन्फ्यूशियसच्या ग्रंथांपर्यंत पोहोचला. रोबेर्तो दे नोबिली १६०६ मध्ये मदुरैस आला आणि संन्याशाच्या वेषात तमिळ व संस्कृत शिकला. चीनमधील शब्दांचा आणि विधींचा वाद इतका विकोपास गेला की १७४२ मध्ये रोमने त्या पद्धतीवर कडक बंदी घातली. ती सैल व्हायला १९३९ साल उजाडले. गोव्यातही वारे फिरले. १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याचा हुकूम निघाला. जी भाषा स्टीफन्सने रत्नासारखी मानली, ती सत्तेच्या दृष्टीने अडचण ठरली.

उत्तर कोकणात, म्हणजे आपल्या या खाडीच्या परिसरात, निराळी गोष्ट घडत होती. फ्रान्सिस्को वाझ दे गिमराइश या पाद्रीने १६५९ मध्ये ख्रिस्ताच्या यातनांचे आणि मृत्यूचे पुराण रचले, ते वसई-साष्टीकडील ख्रिस्ती लोकांच्या बोलीत. स्टीफन्सची प्रौढी त्यात नाही. म्हणूनच वाङ्मयाच्या इतिहासांत त्याला ओळभर जागा मिळते. पण आम्हांस ते फार महत्त्वाचे वाटते. देवळातील मिस्सा लॅटिनमध्ये होई, आणि ही स्थिती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत टिकली. भाविकाला आपल्या भाषेत रडण्यासाठी जागा हवी होती, आणि ती पुराणाने दिली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली; बहुतेक युरोपीय पाद्री निघून गेले. गावोगावचे ख्रिस्ती कोळी, कुणबी, भंडारी मात्र येथेच राहिले. राज्य गेले तरी धर्म राहिला, याचे एक कारण असे की तोवर तो राज्यकर्त्यांच्या भाषेवर अवलंबून उरला नव्हता.

एकोणिसाव्या शतकातील आगमन इंग्रजीबरोबर झाले. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले; ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरहून निघू लागला; बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठी कादंबरीचा आरंभ विधवेच्या दुःखापाशी झाला. या काळात बायबलच्या मराठीत जे शब्द स्थिरावले ते तपासून पाहावेत. ‘जुना करार’, ‘नवा करार’ यांतील ‘करार’ हा अरबी-फारसीतून आपल्या दफ्तरांत आलेला, व्यवहाराचा, सहीशिक्क्याचा शब्द. ‘शुभवर्तमान’ संस्कृत. ‘नाताळ’, ‘पाद्री’, ‘क्रूस’ पोर्तुगीज. एका ख्रिस्ती मराठी वाक्यात बहामनी दरबार, संस्कृत पाठशाळा आणि लिस्बनची गलबते एकत्र बसलेली असतात. मराठीचाच इतिहास याहून वेगळा कोठे आहे?

या शब्दांची निवड म्हणजे केवळ कोशकाराचे काम नव्हे, हे ज्यांनी अंगावर घेतले त्यांत पंडिता रमाबाई पहिल्या. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तेथील धर्मभगिनींशी त्यांचे वाद सुरू झाले. क्रुसावरील लेख लॅटिनमध्ये का, माझ्या पूर्वजांच्या संस्कृतात का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. ख्रिस्त त्यांनी स्वीकारला होता. त्याच्याबरोबर येणारे युरोपीय पावित्र्य स्वीकारण्याचे त्यांना कारण दिसत नव्हते. परंतु याच रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेव्हा त्यांनी संस्कृतप्रचुर आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले शब्द कटाक्षाने टाळले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी ते छापले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. इंग्रजांपुढे संस्कृतचा अभिमान, आणि मराठी स्त्रियांपुढे संस्कृतचा त्याग: यात विसंगती नाही. दोन्ही वेळा त्या एकच विचारीत होत्या की ही भाषा कोणाचा अधिकार वाढवते.

नारायण वामन टिळकांनी उलट वाट धरली. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताकडे आपण तुकारामांच्या मार्गाने आलो, असे ते सांगत. अभंग, भजन, कीर्तन ही सारी वारकऱ्यांची साधने त्यांनी प्रार्थनामंदिरात नेली. ‘उपासना संगीता’तील त्यांची पदे मराठी ख्रिस्ती उपासकांच्या तोंडी बसली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांत ते वारले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्याच लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये धर्मांतराची जी हकीकत आहे, तिच्यात सिद्धान्त जवळजवळ नाही. नवरा ख्रिस्ती झाल्यावर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधला काळ सोवळे, पाणी, स्वयंपाक आणि माहेरची माणसे यांत गेला. संस्कृती म्हणजे काय, हे अनेक ग्रंथ सांगू शकत नाहीत ते त्यांनी चुलीपाशी बसून सांगितले.

येथे एक कबुली देणे भाग आहे. आम्ही ज्यांची नावे घेतली ती बहुतेक युरोपीय पाद्र्यांची किंवा ब्राह्मण घरांतून आलेल्यांची आहेत. अहमदनगरच्या मिशनमंडळ्या मात्र मुख्यतः महार आणि मांग कुटुंबांच्या होत्या. रमाबाईंनी आणि टिळकांनी जो पेच शब्दांत सोडवला, तो या कुटुंबांना गावच्या विहिरीवर आणि शाळेच्या बाकावर सोडवावा लागला. जात चर्चच्या दारातही आली. त्यांच्या पदरचे लेखन इतिहासांत थोडे दिसते, म्हणून त्यांचा वाटा थोडा ठरत नाही.

मुंबईच्या उपनगरांतील मूळ ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, येथले भूमिपुत्र, हे त्यांना सांगावयाचे होते. भूमिपुत्रपण सांगण्यासाठी त्यांना कंपनी सरकारची आठवण देणारे इंग्रजी नाव घ्यावे लागले, आणि घरात ते मराठीच बोलत राहिले. नाव एका सत्तेचे, धर्म दुसऱ्या सत्तेच्या काळातला, बोली आपली.

हा सारा जुना इतिहास आहे, असे म्हणून पुस्तक मिटता आले असते. पण जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, आणि त्यांच्या निवडीस ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना २०१३ चा साहित्य अकादमीचा भाषांतर पुरस्कार मिळालेला, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी त्यांनी लढा दिलेला. तरी प्रश्न विचारला गेलाच की हे आपले कसे? २०२४ मध्ये ते निवर्तले. तो प्रश्न त्यांच्याबरोबर गेला, असे आम्हांस वाटत नाही.

त्या प्रश्नात आमच्या अध्यापनाचाही वाटा आहे. मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना आपण ‘ख्रिस्ती वाङ्मय’ असे एक प्रकरण वेगळे काढतो, आणि वेळ पुरला नाही की तेच गाळतो. ओवीचा प्रवास सांगताना एकनाथांच्या समकालीन असलेल्या स्टीफन्सचा उल्लेख त्याच तासाला का होऊ नये? रमाबाईंचे भाषांतर गद्याच्या इतिहासात, टिळकांची भजने अभंगाच्या परंपरेत, गिमराइशचे पुराण बोलींच्या अभ्यासात वाचले तर विद्यार्थ्याला ‘आपले’ आणि ‘परके’ या शब्दांची घडण प्रत्यक्ष दिसेल. त्याबरोबर पाडलेली मंदिरे आणि बंद केलेली पुराणेही त्याला सांगावीत. लपवल्याने विश्वास वाढत नाही.

माहुलहून ठाण्याकडे जाणाऱ्या पाण्यावर आज ओदोरिकची ती पंधरा घरे शोधून सापडणार नाहीत. पण डिसेंबर आला की कोळीवाड्यापासून पेठेपर्यंत सगळेच, ख्रिस्ती असोत वा नसोत, ‘नाताळ’ म्हणतात, आणि हा शब्द कोणी दिला हे कोणाला आठवत नाही. शब्द परके राहिलेले नाहीत. ते बोलणारी माणसे परकी ठरू नयेत, एवढे तरी आपल्या वर्गात सुरू करता येईल.